पत्ता नसलेल्या माणसाचे हक्क: शहरातल्या बेघरांसाठी नेमकं कोणतं काम चालतं?

थंडी पडली की शहरात पुलाखाली ब्लँकेट वाटणाऱ्या गाड्या दिसू लागतात. सणासुदीला जेवणाची पाकिटं येतात. ही मदत खरी असते आणि त्या रात्रीपुरती उपयोगी पडते. पण बेघरांसोबत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा वेळ बराचसा वेगळ्याच ठिकाणी जातो. कधी आधार केंद्राच्या रांगेत, कधी मतदार नोंदणीच्या अर्जात, कधी महापालिकेच्या पत्रव्यवहारात, तर कधी कोर्टाच्या तारखांमध्ये.

असं का? कारण आपल्याकडे सरकारी हक्काची जवळपास प्रत्येक वाट 'राहण्याचा पत्ता' या एका रकान्यातून जाते. रेशन कार्ड, बँक खातं, मुलाचा शाळाप्रवेश, पेन्शन, सगळीकडे हा रकाना असतोच. महाराष्ट्रात ज्यांना कोणाचाच आधार नाही, त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिच्यासाठीही राज्यात किमान १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो. २० वर्षं एकाच पुलाखाली झोपलेल्या माणसाने हा पुरावा आणायचा कुठून?

म्हणून बेघरांसाठीच्या कामाचा गाभा डोक्यावरच्या छपराइतकाच नोंदीचाही आहे. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी योजना असूनही नसल्यासारखीच. हे काम कसं चालतं आणि कायदा त्यात कुठे मदत करतो, कुठे आडवा येतो, ते समजून घेऊ.

बेघर कोणाला म्हणतात?

जनगणनेत बेघर कुटुंबाची व्याख्या ठरलेली आहे. जी कुटुंबं कोणत्याही इमारतीत किंवा घरात न राहता रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळांच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर उघड्यावर राहतात, ती बेघर. झोपडपट्टीत राहणारे यात मोडत नाहीत. झोपडी कच्ची असली, तरी जनगणनेच्या दृष्टीने ते घर असतं.

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर मोजले गेले. त्यातले साधारण ९ लाख ३८ हजार शहरांत होते. महाराष्ट्रातला आकडा २ लाख १० हजारांच्या आसपास, तर मुंबईतला सुमारे ५७ हजार होता.

हे आकडे खऱ्यापेक्षा कमी आहेत, असं या क्षेत्रातले कार्यकर्ते सांगतात. त्याचं एक कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. घरांची गणना काही आठवडे चालते. बेघरांची गणना मात्र एकाच रात्री होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. त्या रात्री जो रात्रपाळीला होता, पोलिसांच्या भीतीने जागा बदलून झोपला होता किंवा बंद दुकानाच्या फळीमागे आडवा झाला होता, तो सुटला. बेघर बाई तर सुरक्षिततेसाठी मुद्दाम नजरेआड झोपते. मोजणाऱ्याला ती सापडणं आणखी अवघड.

रस्त्यावर राहणारे काम करत नाहीत का?

हा समज फार पसरलेला आहे. जुलै २०२१ मध्ये मुंबईतल्या बेघरांना जेवण, पाणी आणि निवारा मिळावा अशी मागणी करणारी एक जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने निकाली काढली. राज्य सगळंच पुरवू शकत नाही, बेघरांनीही काम केलं पाहिजे, असं मत न्यायालयाने तेव्हा मांडलं होतं.

प्रत्यक्षात रस्त्यावर राहणाऱ्यांतले बहुतेक जण कामच करत असतात. सकाळी मजूर नाक्यावर उभे राहणारे बिगारी, बाजारातले हमाल, लग्नाच्या हंगामात केटरिंगला जाणारे वाढपी, भंगार आणि कचरा वेचणाऱ्या बाया, सिग्नलवर गजरे विकणारी कुटुंबं. कमाई रोजची आणि बेभरवशाची असते. त्यातून खोलीचं डिपॉझिट उभं राहत नाही. शिवाय काम मिळवायचं, तर पहाटे नाक्याजवळ किंवा बाजाराजवळ असावं लागतं. स्वस्त खोली शहराच्या टोकाला मिळाली, तरी येण्या-जाण्यातच मजुरीचा मोठा भाग जातो. फुटपाथ निवडण्यामागे अनेकदा हा साधा हिशेब असतो.

काहींच्या मागे जुना इतिहासही आहे. मुंबई-पुण्याच्या सिग्नलवर दिसणाऱ्या कुटुंबांमध्ये पारधी समाजाची कुटुंबं बरीच आहेत. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि त्याखाली अशा अनेक समाजांवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय उरला. गावात थारा नाही, जमीन नाही, म्हणून ही माणसं शहरात आली. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत येतात. पण त्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. पिढ्यान्‌पिढ्या भटकत राहिलेल्या कुटुंबाकडे तो सहसा नसतो. म्हणजे आरक्षण आहे, शिष्यवृत्ती आहे, पण दाराशी अडवणारा कागदही आहे.

मुंबईच्या फुटपाथवर पहिली मोजणी कशी झाली?

नोंदीचं महत्त्व काय, हे मुंबईतल्या फुटपाथवासीयांनी ४० वर्षांपूर्वीच दाखवून दिलं.

जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी यांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड.

या निकालाला दोन बाजू आहेत. राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, असं न्यायालयाने मान्य केलं. माणसाला फुटपाथवरून हटवणं म्हणजे त्याच्या कामापासून तोडणं, हा युक्तिवाद टिकला. पण फुटपाथ अडवून राहण्याचा हक्क कोणालाच नाही आणि पूर्वसूचना देऊन महापालिका कारवाई करू शकते, हेही न्यायालयाने सांगितलं. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद होऊन ओळखपत्रं मिळाली होती, त्यांना पर्यायी जागा देण्याची सूचना निकालात होती. कोणाला जागा मिळणार आणि कोणाला नाही, हे शेवटी जुन्या नोंदीवर ठरत होतं.

त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने भायखळा परिसरातल्या फुटपाथवासीयांची स्वतःच गणना केली. सुमारे ६ हजार कुटुंबांची माहिती गोळा झाली. ही माणसं कालपरवा आलेली नाहीत, बरीच कुटुंबं वर्षानुवर्षं तिथेच आहेत आणि चालत जाता येईल अशा अंतरावर काम करतात, हे त्यातून समोर आलं. पाठोपाठ फुटपाथवरच्या बायकांचं 'महिला मिलन' उभं राहिलं. या बायका रोज थोडी थोडी बचत जमवत, आपल्या वस्तीची माहिती लिहून ठेवत आणि ती घेऊन अधिकाऱ्यांशी बोलणी करत.

पुढे १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात फुटपाथवासीही पात्र धरले गेले. अट होती १ जानेवारी १९९५ पूर्वीचं वास्तव्य सिद्ध करण्याची. ज्यांच्याकडे नोंद होती, त्यांच्या हातात आता पुरावा होता. या चळवळीतली काही कुटुंबं नंतर मानखुर्दला पक्क्या घरांत राहायला गेली.

निवारा केंद्राचा नियम कुठून आला?

२००१ मध्ये 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संघटनेने अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ती अनेक वर्षं चालली. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या महापालिकेने पुसा रोडजवळचा रात्रनिवारा पाडला. या प्रकरणात न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी त्यावर न्यायालयाला पत्र लिहिलं. अन्नाच्या खटल्यात निवाऱ्याचा प्रश्न आला तो असा. उपाशी माणूस उघड्यावर झोपला, तर थंडी त्याला लवकर मारते, असा हा संबंध होता.

२०१० मध्ये न्यायालयाने राज्यांना सांगितलं की शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा हवा. तो फक्त हिवाळ्यापुरता न ठेवता बाराही महिने आणि दिवसाचे २४ तास उघडा असावा. २०१३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू केलं. 'शहरी बेघरांसाठी निवारा' हा त्याचा एक भाग झाला. त्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी अशा:

- दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय असलेला कायमस्वरूपी निवारा.
- प्रत्येकाला साधारण ५० चौरस फूट जागा, शिवाय पाणी, स्वच्छतागृह, वीज, प्रथमोपचार आणि स्वयंपाकाची सोय.
- निवारा शक्यतो रेल्वे स्टेशन, बस स्थानक, बाजार अशा ठिकाणांजवळ, म्हणजे बेघर जिथे असतात तिथेच.
- महिला, वृद्ध, आजारातून उठलेले लोक यांच्यासाठी वेगळी सोय.
- तिथे राहणाऱ्यांना ओळखपत्र, टपालाचा पत्ता, रेशन कार्ड, पेन्शन, बँक खातं, शाळा आणि दवाखाना यांच्याशी जोडून देणं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात कमी चर्चेत येतो. निवारा म्हणजे नुसता रात्रीचा बिछाना नव्हे, तो माणसाचा पहिला पत्ता व्हावा, ही योजनेमागची कल्पना आहे.

आपल्या शहरात किती निवारे हवेत, हे कोणालाही काढता येतं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती, म्हणजे किमान १२४ निवारे. पुण्याची सुमारे ३१ लाख, म्हणजे ३१. नागपूरची सुमारे २४ लाख, म्हणजे २४. लोकसंख्या त्यानंतर वाढलेलीच आहे. मुंबईतल्या केंद्रांची संख्या या आकड्याच्या जवळपासही पोचलेली नाही. जागाच मिळत नाही, हे महापालिकांचं नेहमीचं उत्तर. अंमलबजावणी ढिली असल्याच्या तक्रारी वाढल्यावर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून राज्याराज्यांतल्या निवाऱ्यांची पाहणी करायला लावली.

निवारा असूनही माणूस रस्त्यावर का झोपतो?

'आम्ही जायला सांगतो, पण तेच येत नाहीत,' असं अधिकारी बरेचदा सांगतात. यात तथ्य आहे, पण त्यामागची कारणंही आहेत.

पहिलं कारण कुटुंब. बरेच निवारे पुरुषांसाठी किंवा स्त्रियांसाठी वेगवेगळे असतात. नवरा एकीकडे, बायको आणि मुलं दुसरीकडे, असं राहण्यापेक्षा कुटुंब फुटपाथवर एकत्र राहणं पसंत करतं. दुसरं कारण सामान. हातगाडी, भंगाराची पोती, चूल, भांडी हे सगळं निवाऱ्यात नेता येत नाही आणि बाहेर ठेवलं तर उचललं जातं. तिसरं कारण अंतर. पहाटे मंडईत पोचायचं असेल, तर पाच किलोमीटरवरचा निवारा काय कामाचा? चौथं कारण कागद. नियम काहीही असो, दारावर आधार कार्ड मागितलं की ज्याच्याकडे ते नाही, तो परत फिरतो.

म्हणून कार्यकर्ते आधी त्या माणसाशी ओळख वाढवतात. तो कुठे काम करतो, सोबत कोण आहे, पूर्वीचा काय अनुभव आहे, हे विचारतात. एखाद्याला निवाऱ्यात न्यायला कधी कधी महिने लागतात.

पत्ता नसताना कागद मिळतात का?

मिळतात. त्यासाठी नियमात तरतुदी आहेत, फक्त त्या फारशा कोणाला ठाऊक नसतात.

मतदार नोंदणीचंच पाहा. बेघर व्यक्ती नमुना ६ चा अर्ज भरताना आपण जिथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून देऊ शकते. निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, रात्री त्या जागी जाऊन खात्री करतो. एकच रात्र न जाता त्याने एकाहून जास्त रात्री जायचं असतं. ती व्यक्ती तिथे खरंच झोपते हे दिसलं, की राहण्याच्या कागदी पुराव्याची गरज नाही.

मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र आधारसाठी चालतं. एकदा आधार मिळालं की बँक खातं उघडतं, मग पेन्शनचा अर्ज करता येतो. एका कागदावरून दुसरा मिळतो, पण पहिला मिळवणंच सगळ्यात कठीण. त्यातही अडचणी कमी नाहीत. वर्षानुवर्षं विटा-सिमेंट उचलून बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र ते घेत नाही. मिळालेली कागदपत्रं पावसात भिजतात किंवा अतिक्रमणविरोधी कारवाईत सामानासोबत जातात. म्हणून काही संस्था कागदांच्या प्रती आपल्याकडे जपून ठेवतात.

कायदाच आड येतो तेव्हा

बेघरांच्या डोक्यावर एका कायद्याची टांगती तलवार असते. तो म्हणजे १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा. त्यात भीक मागण्याची व्याख्या फार पसरट आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतो की तो भिकेवर जगत असावा असं वाटतं, तर तोही कायद्याच्या कचाट्यात येतो. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं आणि पुन्हा पुन्हा पकडलं गेल्यास दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे मळके कपडे आणि खिशात कागद नसणं एवढंही संशयाला पुरतं.

दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्यातल्या भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. तो निकाल महाराष्ट्राला थेट लागू होत नाही. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'कोशिश' हा प्रकल्प २००६ पासून पकडलेल्यांना कायदेशीर मदत, काम आणि घरच्यांचा शोध यासाठी झटतो आहे. शिक्षेऐवजी पुनर्वसनाचा कायदा हवा, ही त्याची मागणी आहे.

न्यायालयाचा सूरही नेहमी सारखा नसतो. २०२१ मध्ये काम करण्याचा सल्ला देणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठासमोर मार्च २०२३ मध्ये फोर्ट परिसरातल्या फुटपाथवासीयांचा विषय आला. बेघरपणा हा जगभरचा प्रश्न आहे आणि ही माणसंही इतरांसारखीच माणसं आहेत, असं सांगून त्या वेळी न्यायालयाने त्यांना हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला.

मानसिक आजार असेल तर?

अंगावर फाटके कपडे, वाढलेले केस, स्वतःशीच बोलणं. असा माणूस दिसला की लोक 'वेडा आहे' म्हणून लांबून जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार अशा भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षण देणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. तिला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. तिचं कुटुंब शोधण्यासाठी नोंद घेणंही पोलिसांवर बंधनकारक आहे. निराधार आणि बेघर व्यक्तींना सरकारी ठिकाणी मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्कही याच कायद्यात आहे.

यातली बरीच माणसं मुळात बेघर नसतात, हरवलेली असतात. आजारपणात ती घरातून बाहेर पडली आणि रेल्वेत बसून हजारो किलोमीटर लांब आली. कर्जतच्या 'श्रद्धा' पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावरच्या अशा रुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याचं काम उभं केलं. त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषधाने भान परत येतं, मग नाव आठवतं, गाव आठवतं. इथेही उपचारांचा शेवट पत्ता सापडण्यातच होतो.

सर्वसामान्य नागरिक काय करू शकतात?

ब्लँकेट आणि जेवण जरूर द्यावं. त्यासोबत आणखी काही गोष्टी शक्य आहेत.

- माणूस जखमी किंवा बेशुद्ध असेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२, एकट्या मुलासाठी १०९८, वृद्धांसाठी १४५६७, महिलांसाठी १८१ आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ हे क्रमांक आहेत.
- फोन करण्याआधी त्या माणसाशी बोला. त्याला काय हवंय ते विचारा. परवानगीशिवाय फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नका. काही बायका घरच्या मारहाणीपासून पळून आलेल्या असतात. असा फोटो त्यांचा ठावठिकाणा उघड करू शकतो.
- आपल्या शहरातली निवारा केंद्रं कुठे आहेत, तिथे किती जागा आहेत, हे महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. लोकसंख्येच्या हिशेबाने किती हवीत, हे आता ठाऊक आहेच. हा प्रश्न नगरसेवकाला विचारायला हरकत नाही.
- आपल्या भागातले बीएलओ आणि बेघर मजूर यांची गाठ घालून द्या. अर्ज भरायला अर्धा तास पुरतो.

२०२७ मध्ये देशात पुन्हा जनगणना होणार आहे. २०११ मध्ये सुटलेल्या माणसांना नोंदीत येण्याची ही १६ वर्षांनंतरची पहिली संधी असेल. कोणत्या पुलाखाली, कोणत्या बाजाराच्या मागे, कोणत्या फलाटावर माणसं झोपतात, हे त्या भागातल्या चहावाल्याला, वॉचमनला आणि पहाटे फिरायला जाणाऱ्यांना नेमकं माहीत असतं. ही माहिती गणनेच्या रात्रीआधी वॉर्ड ऑफिसपर्यंत पोचली, तर मोजणाऱ्यांना योग्य जागी जाता येईल. पुढच्या निवाऱ्यांचा आणि रेशनचा हिशेब त्याच आकड्यांवर मांडला जाणार आहे.